अकारा आणि त्याचे दोन साक्षीदार

महाविद्यालयांत इतिहास शिकवूं लागल्याला मला आतां जवळजवळ तीस वर्षें होत आलीं. ह्या अवधींत पोर्तुगीजांच्या समुद्रसंचारावर मीं किती व्याख्यानें दिलीं असतील ह्याची गणती नाहीं. इ. स. १४९८ त वास्को द गामा कालिकतास पोंचला, १५०० त काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला, १५१० त आल्बुकेर्कनें गोवें घेतलें, हें सारें विद्यार्थ्यांनीं वह्यांत उतरून घेतलें आणि परीक्षेंत मला जसेंच्या तसें परत केलें. आफ्रिकेंतून ब्राझीलला माणसें गुलाम करून नेलीं गेलीं, हेंही मी सांगत असें. परंतु एकाच वाक्यांत. तीन शतकांच्या वर चाललेल्या त्या व्यापारांत एकट्या ब्राझीलमध्यें सुमारें ४८ लक्ष माणसें उतरविलीं गेलीं, एवढा आंकडा फळ्यावर लिहिला कीं आमचें कर्तव्य संपलें! तीं माणसें उतरल्यावर काय रांधीत, काय विकीत, आणि विकलेल्या पैशाचें काय करीत, हा प्रश्न परीक्षेच्या कागदावर कधीं आला नाहीं, म्हणून तो आमच्या डोक्यांतही आला नाहीं.

ह्या लेखांत त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेलेल्या एका पदार्थाची हकीकत सांगावयाची आहे. पदार्थ म्हणजे चवळीचा वडा. एवढा क्षुद्र विषय मासिकाच्या पानांस शोभत नाहीं असें वाचकांपैकीं कोणास वाटल्यास त्यांत नवल नाहीं. तसें ज्यास वाटलें अशा एका विद्वान् गृहस्थाची गांठ पुढें पडणारच आहे.

ह्या वड्याचें नांव अकारा. नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागांत राहणाऱ्या योरुबा लोकांचा हा शब्द. त्यांचे शेजारी इग्बो लोकही तोच शब्द वापरतात. उत्तरेकडील हौसा लोक ह्याच वड्यास कोसाई म्हणतात. लागोस, इबादान यांसारख्या शहरांत भल्या सकाळीं रस्त्याच्या कोपऱ्यावर बाई कढई मांडून बसते, आणि शाळेस निघालेलीं मुलें व कामावर निघालेले मजूर तिच्याभोंवतीं गोळा होतात. गरम वडे कागदांत गुंडाळून घ्यावयाचे आणि पावाबरोबर किंवा मक्याच्या आंबील पेजेबरोबर खावयाचे, हीच तिकडची न्याहारी. पिकल्या वयाचा कोणी म्हातारा-म्हातारी गेली, तर तिच्या नांवानें अकारा तळून शेजाऱ्यांस वाटण्याचीही चाल योरुबा लोकांत आहे.

कृति सांगावयास सोपी आहे. चवळी भिजवितात, फुगली कीं हातांनीं चोळून तिची साल सोडवितात, आणि वर तरंगणारें फोल पाण्याबरोबर ओतून देतात. खालीं उरलेली पांढरी डाळ कांदा व मिरची घालून वाटतात. नंतर तें वाटण फेटावयाचें, आणि सारी कला ह्या फेटण्यांत आहे. त्यांत सोडा नाहीं, आंबवण नाहीं. वड्याला जी हलकी जाळी पडते ती केवळ हातानें कोंडलेल्या हवेची असते. मीठ अगदीं शेवटीं, कढईपाशीं बसल्यावर घालावयाचें. वाचून कंटाळा आल्यावर मीं हा प्रयोग घरीं करविला. पहिल्या दिवशीं वडे दगडासारखे झाले. दुसऱ्या दिवशीं सौभाग्यवतींनीं लेखकमहाशयांचें पुस्तकी मार्गदर्शन बाजूस ठेविलें, उडदाच्या वड्याला लावतात तीच कसोटी लाविली, म्हणजे पाण्याच्या वाटींत पिठाचा थेंब टाकून तो तरंगेपर्यंत फेटीत राहिल्या, आणि मग जो वडा कढईंत फुलला तो खाऊन आमच्या घरांतील इतिहाससंशोधनाविषयींचें मत पुष्कळ सुधारलें. चवळीचें कोरडें पीठ करून डब्यांत विकण्याचे प्रयत्न नायजेरियांत झाले. पण बारीक दळलेल्या त्या पिठांत हवा धरून ठेवण्याची शक्ति उरली नाहीं, वडे गच्च होऊं लागले, आणि बायकांनीं तें पीठ नाकारिलें. ह्या बाबतींत कारखान्यापेक्षां पाट्यालाच अधिक शास्त्र कळत होतें.

चवळी आपल्या इतकी परिचयाची आहे कीं ती परकी असेल असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु तिचें मूळ घर आफ्रिका. घाना देशांत किंतांपो संस्कृतीच्या वस्त्यांत इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकांतील जळके दाणे सांपडले आहेत. आणि त्याच सहस्रकांत, ज्वारी-बाजरीच्या बरोबर, ती हिंदुस्थानांतही येऊन पोंचली होती. ह्या हिशेबानें अकारा आपल्या वड्याचा दूरचा आप्त नव्हे. एकाच कडधान्यापासून दोन खंडांतील बायकांनीं स्वतंत्रपणें काढलेली ती एकच युक्ति आहे. हा वडा अरबांनीं आफ्रिकेस शिकविला असें सुचविणारे लेखक आहेत. ज्या भूमींत तें धान्य पिकलें, ज्या भूमींत पाटा होता आणि ताडाचें तेल होतें, तेथील बाईस डाळ वाटून तळण्याची बुद्धि बाहेरून उसनी आणावी लागली असेल, हें मला तरी पटत नाहीं.

आतां ह्याच्या पोषणाविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. कारण चव आणि पोषण ह्यांची येथें मोठी जुळणी झाली आहे. वाळलेल्या चवळींत शंभरांत तेवीस-चोवीस भाग प्रथिनें असतात, लोह असतें, आणि गर्भवतीस अत्यंत आवश्यक असें फोलेट हें जीवनसत्त्व भरपूर असतें. चवळीच्या प्रथिनांत लायसीन पुष्कळ, मेथायोनीन कमी. मका-ज्वारीचें नेमकें उलट. म्हणून मक्याची पेज आणि चवळीचा वडा हीं एका पानांत आलीं म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आपल्याकडे वरण-भातांत घडतें तसेंच. भिजविण्यानें पोटांत वायु धरणारे शर्करेचे अंश कांहींसे पाण्यांत उतरतात, सालीबरोबर तुरट द्रव्यें निघून जातात. मुलास किंवा म्हाताऱ्यास अख्खी उसळ जड पडते, पण वडा पचतो. पूर्वीं तो तांबड्या ताडतेलांत तळीत. त्या तेलाचा तांबडा रंग ज्या द्रव्याचा, त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवितें. अर्थात् तेल पुनःपुन्हां धुरावेपर्यंत तापविलें तर तें उरत नाहीं. तळणीचा दोष तळणीस आहेच, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं.

ह्या जोडीचें मोल केवढें आहे हें ती मोडली म्हणजे कळतें. सिसिली विल्यम्स नांवाच्या डॉक्टरबाई तेव्हांच्या गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशांत नोकरीस होत्या. अंगावरचें दूध तुटलेलीं, सुजलेल्या पायांचीं, कातडी सुटलेलीं मुलें त्यांच्याकडे येत. त्यांचें खाणें काय, तर नुसती मक्याची पेज. १९३३ त त्यांनीं ह्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि १९३५ त त्याला तेथील गा भाषेंतील बायकांचेंच नांव दिलें : क्वाशिओर्कोर. पाठचें भावंड झाल्यावर वरच्या मुलास होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय. रोगाच्या कारणांविषयीं वैद्यांत पुढें पुष्कळ वाद झाला; तथापि पेजेच्या वाटीजवळून कडधान्य हललें कीं लेंकरूं उघडें पडतें, ही गोष्ट त्या बायका डॉक्टरांच्या आधीं जाणत होत्या.

ज्या बायकांस हें ठाऊक होतें, त्यांच्यापैकींच हजारों जणींस जहाजांत कोंबण्यांत आलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस योरुबांचें ओयो साम्राज्य आंतून पोखरलें गेलें आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तें कोसळलें. युद्धांत धरलेलीं माणसें विदा आणि लागोस ह्या बंदरांतून मोठ्या संख्येनें ब्राझीलच्या बाहिया प्रांतांत नेण्यांत आलीं, तीं १८५० त आयात बंद होईपर्यंत. बाहियाची राजधानी साल्व्हादोर. १७६३ पर्यंत साऱ्या ब्राझीलची राजधानी हीच होती, आणि गोव्याहून लिस्बनला जाणारीं जहाजेंही पुष्कळदां येथें थांबत. अशा ह्या शहराच्या चढउतारांच्या गल्ल्यांतून ‘अकारा जे’ अशी आरोळी ऐकूं येऊं लागली. योरुबा भाषेंत ‘जे’ म्हणजे खाणें. ऐकणाऱ्या पोर्तुगीज कानांनीं आरोळी आणि पदार्थ एकच समजून घेतलीं, आणि वड्याचें नांव तेथें अकाराजे असें पडलें, असें सामान्यतः मानितात. चवळीचेंही नांव बदललें. दाण्यावरील काळा डोळा पाहून कीं काय, तिला तेथें ‘लहानगा भिक्षु’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला.

आतां पहिला साक्षीदार. लुईश दुस सांतुश व्हिल्येना हे गृहस्थ १७८७ त साल्व्हादोर येथें ग्रीक भाषेचे सरकारी अध्यापक म्हणून आले. शहराची तटबंदी, व्यापार, कारभार, सर्वांवर त्यांनीं पत्ररूपानें विस्तृत लेखन केलें. १८०२ च्या सुमाराचीं हीं पत्रें इतिहासकारांस आज सोन्यासारखीं झालीं आहेत. त्यांपैकीं एकांत रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी आहे आणि तींत अकाराजे आहे. परंतु यादी कशासाठीं दिली? निषेधासाठीं! शहरांतील अत्यंत श्रीमंत घरांतून आठ-आठ, दहा-दहा गुलाम रोज बाहेर पडतात आणि असल्या हलक्या, किळसवाण्या वस्तु ओरडून विकतात, ही गोष्ट प्रतिष्ठितांस लाजिरवाणी आहे, असें त्यांचें म्हणणें. होमर शिकविणाऱ्या ह्या माणसाच्या डोळ्यांसमोरून एक महाकाव्य परडी डोक्यावर घेऊन चाललें होतें, आणि त्याला तिचा वास तेवढा आला. मी हें रागानें लिहीत नाहीं. अध्यापकाचें तुटपुंजें वेतन आणि घसरलेली प्रतिष्ठा ह्यांबद्दल ते पत्रांत तक्रार करितात तेथें माझी त्यांना पूर्ण सहानुभूति आहे. आणि त्यांच्या जागीं मी असतों तर मींही बहुधा नाकास रुमाल लाविला असता. माझ्या फळ्यावरचें तें एक वाक्य त्यांच्या पत्राहून फारसें निराळें नव्हतें.

त्या परडीखालचा हिशेब असा होता. गुलाम बाईनें दिवसभर विक्री करून ठरलेली रक्कम मालकिणीस आणून द्यावयाची. वर कांहीं उरलें तर तें तिचें. न उरलें तर खोट तिची, आणि मारही तिचाच. ह्या व्यवस्थेंत दया नव्हती, मालकाची सोय होती : बाईच्या पोटाची काळजी त्यास करावी लागत नसे. परंतु त्या सोयींतच एक फट राहिली होती, आणि बायकांनीं ती नेमकी हेरली. चवळी स्वस्त, पाटा, मडकें आणि थोडें तेल एवढेंच भांडवल, आणि गिऱ्हाईक कोण, तर गोदीवरचा हमाल, डोलीवाला, ज्याला दोन पैशांत पोटभर, कसदार आणि आईच्या हातची आठवण देणारें कांहीं हवें होतें. पैशाला पैसा जोडून ह्या बायका स्वतःची किंमत मालकास मोजून देत आणि मुक्तिपत्र लिहवून घेत. बाहियांत मुक्ति मिळविणाऱ्या गुलामांत पुरुषांपेक्षां बायका अधिक होत्या, असें तेथील दप्तरांवरून दिसून आलें आहे. ह्याचें सारें श्रेय वड्यास देणें वेडेपणाचें होईल. मासळी, फळें, कापड, सर्वच त्या विकीत. पण त्या कमाईंत अकाऱ्याचा वांटा होता, ह्यांत संशय नाहीं.

रस्त्यावर बसणाऱ्या बाईस राजसत्ता भीत असे, ही गोष्टही लक्षांत ठेविण्यासारखी आहे. जानेवारी १८३५ मध्यें साल्व्हादोर येथें गुलामांनीं व मुक्त आफ्रिकनांनीं बंड केलें. त्यांत योरुबा मुसलमानांचा भरणा होता. बंड एका रात्रींत मोडलें, पण धास्ती पुष्कळ वर्षें टिकली. नामांकित वकील लुईझ गामा ह्यांनीं १८८० त लिहिलेल्या एका पत्रांत आपल्या आईचें, लुईझा माहीन हिचें, वर्णन केलें आहे : मुक्त आफ्रिकन स्त्री, रस्त्यावर विक्री करून पोट भरणारी, कष्टाळू, मानी, ख्रिस्ती दीक्षा नाकारणारी, आणि गुलामांच्या बंडाच्या कटाच्या संशयावरून अनेकदां तुरुंगांत टाकलेली. हा मुलगा दहा वर्षांचा असतां त्याच्या बापानेंच त्यास गुलाम म्हणून विकलें. मोठेपणीं त्यानें न्यायालयांत भांडून पांचशेंहून अधिक लोकांस सोडविलें. फेरीवालीचें शील त्याच्यांत उतरलें होतें, एवढेंच मी म्हणतों.

दुसरा साक्षीदार ह्याच शहरांतला आणि तोही शिक्षकच. मानुएल केरीनु हे १८५१ त बाहियांत जन्मले. स्वतः कृष्णवर्णीय, लहानपणींच पोरके झालेले, रंगकाम करीत शिकलेले. पुढें ते चित्रकलेचे शिक्षक झाले, कामगारांच्या चळवळींत पडले, आणि आफ्रिकन लोकांनीं ब्राझीलची घडण कशी केली ह्यावर १९१८ त त्यांनीं निबंध लिहिला. ते १९२३ त वारले; त्यानंतर १९२८ त त्यांचें बाहियाच्या पाककलेवरील पुस्तक निघालें. त्यांत अकाराज्याची कृति आहे. ती वाचतांना मला आश्चर्य वाटलें तें हें कीं, चवळी कशी भिजवावी एवढ्यावर ते थांबत नाहींत. जिच्यावर ती वाटली जाते त्या टांकी लावलेल्या आयत दगडाची लांबीरुंदी देतात, आणि तिच्यावर मागें-पुढें फिरणाऱ्या लांबट दगडाचें वर्णन करितात. आपल्या वाचकांस एका शब्दांत सांगतां येईल : तो पाटा-वरवंटा आहे. व्हिल्येनांनीं तटबंदीचीं मोजमापें दिलीं, केरीनूंनीं पाट्याचीं दिलीं. मध्यें सव्वाशें वर्षें गेलीं आणि गुलामगिरी १८८८ त कायद्यानें संपली.

केरीनूंच्या काळीं हा वडा नुसतें खाद्य नव्हता, नैवेद्यही होता. योरुबांची वादळवाऱ्याची देवता ओया, तिला बाहियांत यान्सां म्हणतात. कढईंतून तांबडा, धगधगीत निघणारा वडा तिच्या अग्नीचें रूप मानतात. कांदोंब्ले ह्या आफ्रिकन उपासनापंथांत यान्सांच्या कन्यांनीं अकाराजे विकणें हें व्रतच समजलें जात असे, आणि त्या विक्रींतून पूजेचा खर्च निघे. ह्या पंथावर पोलिसांचे छापे पडत. ढोल आणि मूर्ति जप्त होत. त्यांच्या देवळांनीं पोलिसांकडे नोंद करून परवाना घेतला पाहिजे हा नियम बाहियांत १९७६ पर्यंत होता. मात्र कढई कोणी जप्त केली नाहीं. देव्हारा झांकावा लागला, नैवेद्य चवाठ्यावर उघड विकला गेला! गंमत अशी कीं, त्याच काळांत देश तिच्यावर लुब्ध होत होता. १९३९ त दोरिव्हाल कायमी ह्या बाहियाच्या कवि-गायकानें अकाराजेवालीच्या आरोळीवर रचलेलें गीत कार्मेन मिरांदाबरोबर गाऊन ध्वनिमुद्रित केलें, आणि तो आवाज ब्राझीलभर गेला.

इकडे वड्याचें रूपही बदललें होतें. नायजेरियांतला अकारा लहान, घासाघासाचा. बाहियांतला मुठीएवढा, मध्यें चिरून त्यांत सुकी कोळंबी, भेंडीचें कालवण, पावाचें व नारळाच्या दुधाचें सारण आणि झणझणीत मिरची भरलेला. न्याहारीचा पदार्थ संध्याकाळचें जेवण झाला. तेंच पीठ पानांत बांधून उकडलें कीं नायजेरियांत मोइन-मोइन आणि बाहियांत अबारा. चवळीचा प्रवास एकेरीही राहिला नाहीं. मुक्त झालेलीं कांहीं कुटुंबें ब्राझीलहून लागोसला परतलीं, आणि नारळाच्या दुधांत शिजविलेल्या कडधान्याचा ‘फ्रेजों’ हा पदार्थ पोर्तुगीज नांवानिशीं घेऊन आलीं. गुड फ्रायडेला तो तेथें अजून होतो.

२००५ सालीं ब्राझीलच्या राष्ट्रीय वारसा संस्थेनें अकाराजे विकणाऱ्या बाहियाच्या बायकांचा व्यवसाय देशाच्या वारशाच्या सूचींत नोंदविला. नोंद पदार्थाची नाहीं, बायकांच्या विद्येची आहे. पांढरा घागरा, फेटा, गळ्यांतील मण्यांच्या माळा आणि लांकडी पाट ह्यांसकट. सरकारी कागदांत एवढी नेमकी समज क्वचित् दिसते. परंतु नोंद झाली म्हणून जागा मिळते असें नाहीं. २०१४ च्या जागतिक फुटबॉल सामन्यांची तयारी चालली असतां, मैदानाभोंवतीं संघटनेच्या परवानगीखेरीज कोणी कांहीं विकूं नये असा नियम पुढें आला. पिढ्यान् पिढ्या त्या मैदानापाशीं बसणाऱ्या बायका हटविल्या जाणार, आणि तेथें परदेशी कंपन्यांचे खाद्यपदार्थ विकले जाणार! बायकांनीं पांढऱ्या पोषाखांत निदर्शनें केलीं, हजारों सह्या गोळा केल्या, आणि २०१३ त त्यांच्यापैकीं थोड्या जणींना मैदानांत जागा द्यावी लागली.

दुसरा तंटा अधिक नाजूक आहे. नव्या ख्रिस्ती पंथांत गेलेल्या कांहीं विक्रेत्या तोच वडा ‘येशूचा वडा’ म्हणून विकूं लागल्या. त्यांच्या पोटापाण्याच्या हक्काविषयीं माझें कांहीं म्हणणें नाहीं. बाईनें कोणत्या देवाचें नांव घ्यावें हें तिनें ठरवावें. पण नांव बदलून विकतांना जुनें नांव अपवित्र ठरविण्यांत येतें, तेथें मला व्हिल्येनांचा रुमाल पुन्हां दिसूं लागतो. पोलिसांच्या भयानें ज्या बायकांनीं देवता लपविली आणि वडा जपला, त्यांच्या नाती आतां वडा जपून देवतेस घराबाहेर घालवीत आहेत.

साल्व्हादोरमध्यें तिसरा प्रहर उलटला कीं पाट मांडले जातात. तेल तापलें, पहिला घाणा निघाला, कीं जुन्या चालीच्या बायका त्यांतील कांहीं लहान वडे गिऱ्हाइकास देत नाहींत. ते देवतेच्या नांवानें बाजूस काढून ठेवतात, आणि मग समोर उभ्या असलेल्यांना विचारतात, मिरची किती घालूं?